मागचं चाक आणि कलम १८९

ठाणे जिल्ह्यातल्या दिवा-शीळ रस्त्यावर सकाळी शाळेची मुलं आणि दुपारी भाजीचे क्रेट वाहणाऱ्या ईको व्हॅनमध्ये एक गुण असतो, जो वापरायची वेळ तिच्या मालकावर सहसा येत नाही. तिचं इंजिन मागची चाकं फिरवतं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान मोटारींमध्ये ही ताकद पुढच्या चाकांकडे जाते; ईको, जुनी ओम्नी, बोलेरो अशा थोड्या गाड्या तेवढ्या अपवाद. ड्रिफ्टिंग नावाचा अख्खा खेळ या अपवादावर उभा आहे.

वळणावर गाडी घालायची, क्लच एकदा झटक्यात दाबून सोडायचा किंवा हँडब्रेक ओढायचा, म्हणजे मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटते आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. इथपर्यंतचं काम कुणीही करू शकतो, आणि पावसाळ्यात पुष्कळांच्या हातून ते नकळत होतंही. खेळ सुरू होतो तो यानंतर. गाडी गरकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहायच्या आत स्टीअरिंग उलट्या दिशेला जायला हवं. वळण डावीकडे, तर पुढची चाकं उजवीकडे. मग ॲक्सिलरेटर असा तोलून धरायचा की मागची चाकं घसरतही राहतील आणि ढकलतही राहतील. पाय थोडा उचलला तर पकड परत येते आणि गाडी झटका देऊन दुसऱ्या बाजूला उडते. जास्त दाबला तर ती भोवऱ्यासारखी फिरते. या दोन चुकांच्या मधली पट्टी फार अरुंद असते. त्या पट्टीवर गाडी आडवी ठेवून एक वळण, दुसरं वळण, दिशा बदलून तिसरं वळण घ्यायचं. स्पर्धेत तर आतल्या कडेला लावलेल्या खुणेला पुढचा बंपर जवळजवळ टेकवायचा, बाहेरच्या कडेला आखलेल्या पट्ट्यातून मागचं चाक न्यायचं, आणि मागून दुसरी गाडी तशीच आडवी होऊन दाराला दार लागेल इतक्या जवळ येत असताना हे सगळं करायचं. धूर येतो तो रबर जळल्याचा. दोन-चार फेऱ्यांत मागच्या टायरची नक्षी निघून जाते आणि रबराचे काळे गोळे बंपरच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात.

हे कौशल्य आहे, आणि ते मिळवायला वर्षं लागतात. तरीही आपल्याकडे ड्रिफ्टिंग हा शब्द बातमीत येतो तो गुन्हे वार्तांकनाच्या पानावर. रात्री रिकाम्या रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूत, एखाद्या अर्धवट टाउनशिपच्या चौकात कुणीतरी गाडी फिरवतो, मोबाइलवर चित्रण होतं, ते व्हायरल होतं आणि दोन दिवसांनी पोलिस गाडी ओढून नेतात. नागरिक चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला. जुलैत वरळीला बीएमडब्ल्यूखाली एका स्त्रीचा मृत्यू झाला. त्या दोन्ही घटनांचा कोणत्याही खेळाशी काडीचा संबंध नव्हता. पण वेगवान गाडी आणि तरुण मुलगा हे दोन शब्द शेजारी आले की वाचकाच्या मनात आता तेच चित्र उभं राहतं. ड्रिफ्टिंगला मान्यता हवी असेल तर या रागाला वळसा घालून चालणार नाही.

हा खेळ सगळीकडे असाच, रस्त्यावरून आला. १९७० च्या दशकात जपानचा कुनिमित्सु ताकाहाशी टुरिंग कारच्या शर्यतीत वळणाच्या आधीच गाडी घसरवून वेग राखायचा. ते पाहून भारावलेल्या केइची त्सुचियाने ही कला घाटरस्त्यांवर नेली. १९८७ साली ‘प्लस्पी’ नावाच्या व्हिडिओत त्याचं घाटातलं ड्रिफ्टिंग झळकलं. त्यापायी त्याचा परवाना काही काळ निलंबित झाला आणि जपानभरच्या पोरांना एक नवा नाद लागला. पुढे २०००-०१ मध्ये ‘डी-वन ग्रां प्री’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या परीक्षकांत तोच त्सुचिया बसला. अमेरिकेत २००४ पासून ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ रुजली. २०१७ मध्ये तर मोटारस्पोर्टची जागतिक संघटना, म्हणजे फॉर्म्युला वन चालवणारी एफआयए, हिने टोकियोच्या ओदायबा भागात आपल्या शिक्क्याने आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक भरवला. घाटातल्या गुन्ह्यापासून एफआयएच्या शिक्क्यापर्यंत सुमारे तीस वर्षं लागली.

जपानपेक्षा आपल्याला जवळचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे. सोवेटोच्या वस्त्यांमध्ये १९८० च्या दशकात ‘स्पिनिंग’ सुरू झालं, तेही गुंडांच्या अंत्ययात्रांमध्ये. मेलेल्या साथीदाराला मानवंदना म्हणून बीएमडब्ल्यू गोल गोल फिरवायची, आणि ती गाडी बहुधा चोरीची असायची. याहून बदनाम मुळं एखाद्या खेळाची क्वचितच असतील. तरी २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मोटारस्पोर्ट संघटनेने स्पिनिंगला अधिकृत खेळ म्हणून स्वीकारलं. आज तिथे कुटुंबं पोरंबाळं घेऊन तिकीट काढून मैदानात बसतात, आणि स्टेसी-ली मेसारखी एल्डोराडो पार्कच्या कष्टकरी वस्तीतली मुलगी या खेळात देशभर नाव काढते. गाडी मात्र तीच, १९८० च्या दशकातली, मागच्या चाकांवर चालणारी जुनी बीएमडब्ल्यू. वस्तीतल्या गॅरेजात ती दुरुस्त होऊ शकत होती, म्हणून खेळ वस्तीतच राहिला, श्रीमंतांच्या हाती गेला नाही.

मोटारशर्यतीच्या जगातले जुने लोक एक तात्त्विक आक्षेप घेतात: जिथे घड्याळ नाही, तो कसला मोटारस्पोर्ट? ड्रिफ्टिंगमध्ये पहिला कोण पोचला हे पाहत नाहीत. रेषा, कोन आणि शैली पाहून परीक्षक गुण देतात. महाराष्ट्रात तरी हा आक्षेप टिकू नये. मल्लखांबात निकाल घड्याळावर लागत नाही. पकड, तोल, सफाई आणि अवघडपणा यांचेच गुण असतात आणि मल्लखांब खेळ नाही असं इथे कुणी म्हणणार नाही. जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंगचंही तेच. शिवाय जपानमध्ये गाडीत बसवलेल्या यंत्राने वेग आणि कोन मोजून गुण देण्याची पद्धत आली आहे. आणि ड्रिफ्टिंगवाल्यांना खरी शर्यत जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद: १९९५ च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्स घेऊन आपल्या गटात पहिला आलेल्या चमूत ताकाहाशी आणि त्सुचिया, गुरू-शिष्य दोघंही होते.

भारतातली अडचण या वादाच्या बरीच अलीकडे, मोटारस्पोर्ट हा मुळात खेळ आहे का, या प्रश्नापासूनच सुरू होते. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन आली तेव्हा हा खेळ की करमणूक, हा वाद कराच्या आणि सीमाशुल्काच्या कागदांवर झडला. २०१३ नंतर ती शर्यत इथे झालेली नाही. मोटारस्पोर्टला पहिला अर्जुन पुरस्कार मिळायला २०१९ साल उजाडलं. तो रॅलीपटू गौरव गिलला मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात राजस्थानातल्या एका रॅलीत शर्यतीच्या रस्त्यावर मोटारसायकल आली आणि तिघांचा जीव गेला. मान्यतेचा कागद हातात आला म्हणून मैदानाभोवतीचं कुंपण आपोआप उभं राहत नाही, हे त्या घटनेने फार क्रूरपणे दाखवलं.

महाराष्ट्रात मोटारस्पोर्टचा नाद नाही असं कुणी म्हणू नये. १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू करणारे नझीर हुसेन मुंबईचे. कोल्हापूरने कार्टिंगच्या ट्रॅकवरून ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक घडवले. पुण्याच्या संजय टकलेंनी आशियातल्या रॅली गाजवून थेट डाकारपर्यंत मजल मारली. मात्र मोठा डांबरी ट्रॅक म्हटला की बहुतेकदा चेन्नई, कोईम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. ज्या राज्यात चाकण, पिंपरी आणि नाशिकला लाखांनी गाड्या बनतात, तिथल्या पोराला ती गाडी नियमाने पळवायला बहुधा परराज्यात जावं लागतं, ही गोष्ट कुणाला तरी खटकायला हवी.

ड्रिफ्टिंगच्या वाट्याला तर याहून जास्त अडथळे येतात. आयर्लंडसारख्या छोट्या देशात जेम्स डीनसारखा अनेकदा ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ जिंकणारा चालक घडला. त्यामागे एक साधं कारण होतं. तिथेही गाड्या उजव्या स्टीअरिंगच्या, त्यामुळे जपानच्या स्वस्त, वापरलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या जहाजाने येत राहिल्या. आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, आणि नव्यावरचं शुल्क ऐकूनच माणूस मागे फिरतो. इथे असलेल्या गाडीत फेरफार करावेत, तर जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही. ड्रिफ्टसाठी गॅरेजवाला पहिलं काम करतो ते डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतील असं बघण्याचं. त्यानंतर ती गाडी ट्रेलरवर चढवूनच न्यायला हवी. न्यायालयाचं म्हणणं चूक नाही. तशी गाडी शीळफाट्याच्या गर्दीत कुणालाच नको आहे.

मग इथे शक्य काय आहे? याचं उत्तर शोधायला ठाण्याबाहेर जायची गरज नाही.

२०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने दहीहंडीला नऊ थर लावले. ४३.७९ फुटांचा तो मनोरा गिनीज बुकात गेला. पाठोपाठ न्यायालयाचे निर्बंध आले. २०१४ मध्ये उंचीवर आणि वयावर, मग २०१७ मध्ये उंचीची अट जाऊन चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदांना विम्याचं कवच दिलं, आणि पुढच्या वर्षी प्रो गोविंदा लीग वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये भरली. बैलगाडा शर्यतीचा प्रवास आणखी खडतर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी, २०१७ मध्ये राज्याची कायदादुरुस्ती, तिला उच्च न्यायालयाची स्थगिती, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाची मोहोर. आता घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, बारी सुटायच्या आधी प्रशासनाची परवानगी लागते, पशुवैद्यक बैल तपासतो, चाबूक चालत नाही.

या दोन्ही खेळांतला धोका संपलेला नाही. गोविंदा आजही पडतात. तरीही राज्याने ठरवलं की लोकांना जो खेळ सोडवत नाही, त्याला चौकट द्यावी: जागा, वय, विमा, तपासणी, जबाबदार आयोजक. ड्रिफ्टिंगला ही चौकट मिळाली नाही, कारण बैलगाड्यामागे गावं उभी होती, हंडीमागे मंडळं आणि पुढारी उभे होते, आणि ड्रिफ्टिंगमागे मतांचा गठ्ठा नाही. गॅरेजातली पोरं, व्हॅनचे ड्रायव्हर, रात्री मोबाइलवर जपानी स्पर्धा बघणारे कॉलेजकुमार यांची संघटना कुठे आहे?

ड्रिफ्टिंगचे समर्थक अशा वेळी दोन युक्तिवाद पुढे करतात, आणि दोन्ही कच्चे आहेत. पहिला असा की हे शिकलेला माणूस रस्त्यावर जास्त सुरक्षित गाडी चालवतो. नॉर्वेने नवशिक्या चालकांना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं; नंतरच्या अभ्यासात दिसलं की तरुण मुलांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. गाडी सावरता येते हा विश्वास आला की माणूस ती सावरायची वेळ ओढवून घेतो. दुसरा युक्तिवाद असा की मैदान दिलं की रस्त्यावरचे प्रकार थांबतील. काही थांबतील, काही थांबणार नाहीत. ज्याला प्रेक्षक म्हणून भेदरलेले वाटसरूच हवे आहेत, तो मैदानावर येणार नाही, त्याच्यासाठी पोलिसच हवेत. खोटी आश्वासनं देऊन मिळवलेली मान्यता पहिल्या अपघाताला परत घेतली जाते. त्यापेक्षा सरळ सांगावं: हा अवघड, देखणा, शिस्तीचा खेळ आहे आणि खेळ म्हणूनच त्याला जागा हवी आहे. कबड्डीला कुणी विचारत नाही की तिच्यामुळे वाहतूक सुधारेल का.

धोक्याचं म्हणाल, तर दिव्याच्या तरुणाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसं रुळांवर पडली. किमान चार जणांचा जीव गेला. ते कामावर निघाले होते. दारात लटकणं त्यांनी हौसेने निवडलं नव्हतं, आत जागा नव्हती म्हणून ते दारात होते. दिवा, दातिवली, साबे, आगासन या भागात घरं उभी राहिली ती रस्ता, पाणी आणि मैदान यांच्या आधी. इथला मुलगा वयात येतो तो रोज नाइलाजाचा धोका पत्करत. हेल्मेट, गाडीतला संरक्षक पिंजरा, अग्निशामक आणि रुग्णवाहिका यांच्यासह त्याने आठवड्यातून एकदा स्वतःच्या मर्जीने एक आखीव धोका पत्करला, तर त्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार या शहराला किती आहे, याचा विचार शहराने करावा.

कायदा इथे आडवा येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा केला तर दहा हजार किंवा वर्षभर. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला अट आहे: ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय’. म्हणजे संमती देता येते, आणि इतर राज्यांनी शर्यतींसाठी शहराचे रस्ते खुले केले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादने हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ई भरवली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूच्या क्रीडा प्राधिकरणाने चेन्नईच्या आयलंड ग्राउंडभोवती रात्रीची शर्यत घडवली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात माती आणून सुपरक्रॉस झालं, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत रस्त्यावरच्या मोटारशर्यतीची घोषणाही झाली. हे सगळे मोठे, खर्चीक सोहळे. ड्रिफ्टिंगला त्या खर्चाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. लेबनॉनच्या अब्दो फेघालीने घडवलेली ‘कार पार्क ड्रिफ्ट’ ही स्पर्धा नावाप्रमाणेच वाहनतळावर होते.

ठाण्यात तेवढी जागा मिळणं सोपं नाही, हे कबूल. रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि आज त्या आवारात उंच इमारती आहेत. जिल्ह्यातल्या बऱ्याच मोकळ्या जमिनीचं पुढे असंच होणार आहे. तरी भिवंडी आणि शीळ पट्ट्यात गोदामांची काँक्रीटची आवारं आहेत, जी रविवारी रिकामी असतात. वस्तीपासून दूर, आवाज आणि धूर कुणाच्या खिडकीत जाणार नाही असं एक आवार भाड्याने घेता येतं. राष्ट्रीय संघटनेशी, म्हणजे एफएमएससीआयशी, संलग्न एखाद्या क्लबने आयोजकाची जबाबदारी घ्यावी, पोलिसांचा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा, सहभागी चालकांचा विमा उतरवावा, प्रेक्षक काँक्रीटच्या अडथळ्यांमागे बसवावेत. पहिल्या वर्षी वेगाची गरजच नाही. ओल्या काँक्रीटवर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस-चाळीसच्या वेगातही गाडी पूर्ण आडवी होते. कोरड्या जमिनीवर वेगात वळवली तर ईकोसारखी उंच, अरुंद गाडी कलंडू शकते. ओल्या जमिनीवर चाकं आधी घसरतात, म्हणून शिकाऊंसाठी ओलं आवार आणि जमेल तिथे जुनी सेडान हाच नियम ठेवावा लागेल. टायरही ओल्यावर कमी झिजतात, आणि वापरलेल्या टायरांवर दिवस निघतो. हा खर्च गॅरेजातल्या चार मित्रांना वर्गणी काढून परवडतो.

ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर क्रिकेटची मैदानं चिखलात असतात आणि काँक्रीटची आवारं ओली. म्हणजे बाकीचे खेळ थांबतात तेव्हा हा सुरू होऊ शकतो, टँकरच्या पाण्याशिवाय. त्यासाठी लेखी संमतीचा अर्ज परिवहन आणि गृह विभागाकडे मार्चपर्यंत पोचला पाहिजे, सोबत आवाराचा नकाशा, अडथळ्यांची आखणी, गाड्यांच्या तपासणीची यादी आणि आयोजक क्लबचं संलग्नतेचं पत्र जोडून. दिवा, मुंब्रा आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांनी तो क्लब आधी नोंदवावा.